समोरचा माणूस अख्खा कसा बघायचा? नव्या समुपदेशकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

"झोप लागत नाही, बाकी काही नाही." पहिल्या भेटीत हे वाक्य इतक्या जणांनी म्हटलंय की 'बाकी काही नाही' कानावर पडलं की मी आता पेन खाली ठेवते. जे असतं ते त्या 'बाकी'तच असतं.

मानसशास्त्राचं एमए किंवा समुपदेशनाचा डिप्लोमा संपवून जे पहिल्यांदा समुपदेशकाच्या खुर्चीत बसणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः आहे. विषय आहे व्यक्तिकेंद्रित समुपदेशन, म्हणजे उपदेश न करता, समोरचा माणूस नेईल तिकडे त्याच्याबरोबर जायची पद्धत. ज्यांना स्वतःसाठी कुणाकडे जायचंय त्यांनीही वाचायला हरकत नाही. समोरच्याने काय करायला हवं हे माहीत असलं की चुकीचा समुपदेशक दुसऱ्याच भेटीत ओळखता येतो.

लेखात अधूनमधून एक काकू येतील. वय बावन्न, राहणार चिंचवड. अशा कुणी एक काकू नाहीत. वेगवेगळ्या बायकांच्या गोष्टी मोडून, तपशील बदलून मी त्यांना उभं केलंय. पण त्यांच्या मांडीवरच्या पर्सची चेन, जी त्या पूर्ण वेळ उघडत आणि लावत होत्या, ती खरी आहे.

ही पद्धत आली कुठून

कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. नाव होण्याआधी बारा वर्षं ते न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये मुलांसाठीच्या एका केंद्रात काम करत होते. तिथे एका व्रात्य मुलाची आई त्यांच्याकडे यायची. आईने लहानपणी मुलाला झिडकारलं, त्यातून हे सगळं झालं, असं रॉजर्सचं निदान पक्कं होतं. भेटीमागून भेटी ते तिला पटवत राहिले. बाईंना काही पटेना. शेवटी 'आपण दोघांनी प्रयत्न केला, जमलं नाही' म्हणून थांबायचं ठरलं. बाई दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि विचारलं, इथे मोठ्या माणसांनाही घेता का? घेतो म्हटल्यावर परत येऊन बसल्या आणि आपल्या संसाराबद्दल, नवऱ्याबद्दल बोलायला लागल्या. आधी सांगितलेल्या कोरड्या हकिकतीत यातलं काहीच नव्हतं. कुठे दुखतंय आणि कुठल्या वाटेने जायचं हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, हे आपल्याला तिथे उमगलं असं रॉजर्सनी पुढे लिहून ठेवलंय.

१९५७ च्या निबंधात त्यांनी बदल घडायला काय लागतं ते मांडलं. त्यातल्या तीन गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. समुपदेशकाचा खरेपणा, समोरच्याचा बिनशर्त स्वीकार आणि समानुभूती, म्हणजे त्याच्या जागी उभं राहून त्याला दिसतं तसं बघणं. परीक्षेत हे तीन शब्द लिहिले की मार्क मिळतात. खुर्चीत बसल्यावर काय करायचं ते मात्र त्यातून कळत नाही. आपल्याकडे तर कामाच्या नावातच गोची आहे. 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात उपदेश बसलाय, आणि येणाराही तो घ्यायच्या तयारीनेच येतो.

१. कुणी यायच्या आधी

खुर्च्या समोरासमोर नकोत, थोड्या तिरक्या ठेवा. म्हणजे माणसाला खिडकीकडे बघत बोलता येतं. मधे टेबल असलंच तर बुटकं. घड्याळ तुम्हाला मान न वळवता दिसेल असं, येणाऱ्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर. तुम्ही मनगटाकडे बघितलेलं त्याला शंभर टक्के कळतं. पाणी हवंच. रुमालांचा खोका हाताला लागेल असा असावा, पण तोंडासमोर नको. 'चला, रडा' असं सांगितल्यासारखं दिसतं.

फी आणि भेटीची वेळ फोनवरच स्पष्ट सांगा. साधारण पन्नास मिनिटं. पैशांचं बोलायला आपल्याला लाज वाटते आणि ती लाज पहिल्या भेटीच्या शेवटी दोघांना महागात पडते.

दुसरा फोन घरच्यांचा येतो. "मॅडम, उद्या माझी मिसेस येतेय. तिला सांगू नका मी फोन केला होता." याला ठरलेलं उत्तर तयार ठेवा. माझं असं आहे: "तुम्ही सांगाल ते मी ऐकते, पण तुमचा फोन आला होता हे मी त्यांना सांगणार. ते चालत नसेल तर आत्ता काही सांगू नका." निम्मे लोक गप्प होतात, उरलेले सांगतात. दोन्ही चालतं. कुणाची तरी गुपितं पोटात घेऊन त्याच माणसासमोर बसलात, तर खरेपणा तिथेच संपला.

२. पहिली दहा मिनिटं

हाक काय मारायची ते आधी ठरवून टाका. मी सगळ्यांना 'तुम्ही' म्हणते, अकरावीतल्या मुलालाही, आणि मग विचारते, "तू म्हटलं तर चालेल का?" सोळा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाने हे विचारणं इतकं नवीन असतं की कधीकधी तिथूनच गाडी सुरू होते. तुम्हाला ते मॅडम, सर, ताई काहीही म्हणोत, दुरुस्त करत बसू नका. 'मला नावाने हाक मारा' असा आग्रह पुण्यातल्या एखाद्या आयटीवाल्याला चालेल, पण बावन्न वर्षांच्या काकूंना अवघडायला होतं.

मग गोपनीयता. "इथलं इथेच राहील" एवढं म्हणून सुटू नका, कारण ते अर्धसत्य आहे. मी अशी सांगते: "तुम्ही जे बोलाल ते मी तुमच्या घरी, ऑफिसात, कुणालाच सांगणार नाही. तीन वेळा मात्र मला गप्प बसता येत नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर. आणि कोर्टाने मागितलं तर." दुसरी अट तुमच्या मर्जीवर नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न दिल्यास शिक्षा आहे. शाळेत काम करणाऱ्यांनी हे आधी सांगायलाच हवं. मुलीने सगळं सांगून झाल्यावर 'आता मला कळवावं लागेल' म्हणणं म्हणजे तिचा दुसऱ्यांदा विश्वासघात.

सोबत आलेल्यांचं काय? काकूंना मुलगी घेऊन आली होती आणि पहिली पाच मिनिटं तीच बोलत होती. "आई हल्ली चिडचिड करते, आई जेवत नाही नीट." मी मुलीचं ऐकून घेतलं, मग काकूंना विचारलं, "यातलं तुम्हाला किती पटतंय?" काकू म्हणाल्या, "ती म्हणते म्हणजे असेल." चेन उघडली, चेन लागली. मग मुलीला बाहेर बसायला सांगितलं.

३. ऐकायचं म्हणजे मराठीत नेमकं काय करायचं

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण पुस्तकं इंग्रजी असतात आणि वर्गात शिकवलेली वाक्यं तिकडून उचललेली. "मला असं ऐकू येतंय की तुम्हाला दुःख झालंय" असं मराठीत कुणी कुणाशी बोलत नाही. काकूंना असं म्हणाल तर त्या तुमच्याकडे बघत राहतील.

आपल्याकडे भावनांची नावं माणसं सहसा घेत नाहीत, भावना अंगात राहतात. जीव घाबरा होतो. पोटात गोळा येतो. हातपाय गळतात. डोकं भणभणतं. कशात मन लागत नाही, काही गोड लागत नाही. आणि सगळ्यांवर पांघरूण घालणारा एक शब्द, 'टेन्शन'. ही भाषा जशीच्या तशी वापरा. "पोटात गोळा" म्हणणाऱ्याला "म्हणजे तुम्हाला चिंता वाटते" असं भाषांतर करून देऊ नका. "गोळा कधी येतो? सकाळी उठल्या उठल्या की कुणाचा फोन आला की?" असं विचारा. तो तुम्हाला चिंतेच्या मुळापर्यंत घेऊन जाईल आणि वाटेत एकदाही 'चिंता' म्हणणार नाही. म्हणायची गरजही नसते.

बोललेलं परत त्याच्या हातात द्यायचं, याला पाठ्यपुस्तकात प्रतिबिंबन म्हणतात. मराठीत ते अगदी थोड्या शब्दांत होतं. काकूंबरोबरचा हा तुकडा बघा.

"घरात सगळं आहे हो मॅडम. काही कमी नाही."

"काही कमी नाही."

"नाही ना. मिस्टरांची पेन्शन आहे, मुलगा बेंगळुरूला चांगल्या नोकरीत आहे. ह्यांचं काही व्यसन नाही. मला काय धाड भरलीये?"

"सगळं असून असं का होतंय, म्हणून स्वतःचाच राग येतोय."

(बराच वेळ काही नाही. पंखा कुरकुरत होता.)

"राग... राग सासूबाईंचाही येतो. मग वाटतं, चौऱ्याऐंशी वर्षांचं माणूस, अंथरुणाला खिळलेलं, त्यांचा कसला राग करायचा? पाप लागेल."

मी पहिल्यांदा फक्त काकूंचे शब्द परत ठेवले, प्रश्नचिन्ह न लावता. दुसऱ्यांदा एक पायरी खाली उतरले. 'धाड भरलीये' हा शब्द माणूस रागावल्याशिवाय येत नाही, म्हणून राग म्हटलं. चुकलं असतं तर काकूंनी "राग नाही हो..." म्हणून दुरुस्त केलं असतं. दुरुस्त करू द्या. चुकीचं प्रतिबिंब एवढं वाईट नसतं, पण 'नाही, तुम्हाला राग आलाच आहे' असं म्हणत त्यावर अडून बसलात की संपलं.

आणि ती शांतता. नव्या समुपदेशकाला दहा सेकंदांची शांतता दहा मिनिटांसारखी वाटते आणि तो घाईघाईने पुढचा प्रश्न टाकतो. मी पायाच्या अंगठ्याने चपलेत आकडे मोजते. वीसपर्यंत. विसाच्या आत बहुतेक माणसं बोलतात, आणि जे बोलतात ते आधीच्या अर्ध्या तासापेक्षा मोलाचं असतं.

'पाप लागेल' यावर काय म्हणायचं? "छे हो, पाप कसलं" हे तोंडावर येतं, कारण आपल्याला त्यांचं ओझं हलकं करायची घाई असते. पण त्याचा अर्थ काकूंना असा लागतो की हा विषय इथे नको. मी म्हटलं, "राग येतो आणि तो येऊ द्यायलाही भीती वाटते." बिनशर्त स्वीकार म्हणतात तो इतका साधा, आणि करायला इतका अवघड. सासूबाईंचा राग करणारी सूनही इथे बसू शकते, एवढंच त्यांना कळायला हवं असतं.

४. कालचा दिवस

आता अख्ख्या माणसाकडे. १९७७ मध्ये जॉर्ज एंगेल या अमेरिकन डॉक्टरांनी असं मांडलं की आजाराकडे शरीर, मन आणि भोवतालचा समाज असं तिन्ही बाजूंनी बघितलं पाहिजे. तेव्हापासून हे सगळ्या अभ्यासक्रमांत आहे. प्रत्यक्षात काय होतं? चार पानी फॉर्म. जेवण कसं, झोप कशी, आर्थिक स्थिती, कौटुंबिक इतिहास. येणारा माणूस 'बरं', 'ठीक', 'मध्यम' भरून देतो आणि आपण माणूस बघितला असं समजतो.

मी फॉर्म देत नाही, एकच प्रश्न विचारते: "काल सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा दिवस सांगा. काल. रोजचा नको." 'रोज' म्हटलं की माणूस सारांश सांगतो, 'काल' म्हटलं की भांडी घासल्याचाही आवाज येतो. मधे मधे साधे प्रश्न विचारा. तेव्हा घरात कोण होतं? उभ्याने खाल्लं की बसून? फोन कुणाचा? ऑफिसला जाणाऱ्याला विचारा, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली का. दीड तास जाताना आणि दीड तास येताना उभं राहणाऱ्याच्या 'मूड'बद्दल नंतर बोलू.

काकूंचा काल असा होता. पहाटे तीनला जाग. पाचला उठून थायरॉइडची गोळी आणि लगेच चहा, त्याबरोबरच कॅल्शियमची. सहा ते नऊ सासूबाईंचं सगळं. डबा, पूजा, धुणं. जेवण साडेतीनला. संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल, त्यात सासूबाईंना नातू दाखवायचा. रात्री अकराला आडवं.

"आडवं कुठे?" मी विचारलं.

"हॉलमध्ये, दिवाणावर. आमची खोली सासूबाईंना दिली ना, तो हॉस्पिटलचा कॉट मावत नव्हता दुसरीकडे."

"आणि काका?"

"ते मुलाच्या खोलीत. त्यांना उजेड चालत नाही."

"किती दिवस झाले?"

काकूंनी बोटांवर मोजलं. चौदा महिने. चौदा महिने ही बाई हॉलमधल्या दिवाणावर, एक कान आतल्या खोलीकडे लावून झोपत होती. पहाटे तीनला जाग येते ती कशाने, तर आतून खोकल्याचा आवाज आला नाही की. आवाज आला तर त्या झोपून राहतात. नाही आला तर श्वास चालू आहे का बघायला उठतात. हे कुठल्या फॉर्ममध्ये आलं असतं?

जमलं तर घराचा नकाशाही काढून घ्या. कागदावर चौकोन, कुठे कोण झोपतं, दार कुठल्या खोलीला आहे, कुणाला खोली नाही. मुलं हे आवडीने करतात. पंधरा वर्षांच्या एका मुलाने घर काढलं आणि स्वतःला बाल्कनीत काढलं. मग तासभर बाल्कनीवरच बोललो.

५. शरीराची बाजू सोडायची नाही

माझी फजिती सांगते. नवी होते तेव्हा एक शिक्षक आले होते, कामाने पिचलेले. मी ऐकलं, समजून घेतलं आणि शेवटी न राहवून म्हटलं, "रोज सकाळी अर्धा तास फिरायला जात जा." ते "हो मॅडम" म्हणाले, तीनदा म्हणाले आणि परत आले नाहीत. वर्षभराने मंडईत भेटले. हसत म्हणाले, "मॅडम, माझ्या पायात सळई आहे. तुम्ही फिरायला जा म्हणालात." ते आत आले तेव्हा लंगडतच आले असणार. मी फाइल उघडत होते.

तेव्हापासून मी दारातून खुर्चीपर्यंतची चाल बघते.

थायरॉइड कमी पडलं की माणूस नैराश्य आल्यासारखाच दिसतो. थकवा, जडपणा, कशात रस नाही. बी-१२ ची कमतरता शाकाहारी लोकांत नेहमी दिसते आणि तीही अशीच भासते. हिमोग्लोबिन, साखर, पाळी बंद होण्याचा काळ, कायमचं दुखणं, चालू असलेली औषधं, दारू, तंबाखू, मिश्री हे सगळं विचारायचं. आपण डॉक्टर नाही, गोळ्यांबद्दल आपण काही ठरवायचं नाही. पण काकूंची थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची असते आणि कॅल्शियमपासून काही तास लांब ठेवावी लागते, नाहीतर ती नीट शोषली जात नाही, हे मला माहीत होतं. मी एवढंच केलं की चिठ्ठीवर लिहून दिलं: 'डॉक्टरांना दाखवणे. गोळी, चहा, कॅल्शियम एकत्र घेते असे सांगणे. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) कधी केली?' चिठ्ठी लिहून द्या. तोंडी सांगितलेलं दवाखान्यात विसरायला होतं.

लक्षणं दोन आठवड्यांहून जास्त दिवस जवळजवळ रोज असतील तर पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घ्या. मराठीत मिळते, नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. निदान करायला नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं का हे ठरवायला मदत म्हणून. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बेरीज करायच्या आधी तो बघायचा.

आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना 'तुमचं माझ्याच्याने होणार नाही' असा सूर नको. "गोळ्यांनी झोप सुधारली तर आपल्याला बोलायला ताकद येईल. मी आहेच." नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात हेही सांगून ठेवा. नाहीतर पाचव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून बंद करतात.

६. हवंय काय, आणि कुणाला

मुलीला हवं होतं 'आई पूर्वीसारखी हसतमुख'. काकांना हवी होती 'घरात शांतता'. काकूंना काय हवंय हे विचारलं तर त्या म्हणाल्या, "सगळ्यांना बरं वाटावं."

हे उत्तर लिहून घेऊन पुढे जाऊ नका. सगळ्यांचं म्हणजे आपलं नव्हे. मी थोडं फिरवून विचारते: "समजा पुढच्या महिन्यात इथे यायची गरज नाही असं तुम्हाला वाटलं. तर घरात नेमकं काय वेगळं झालेलं असेल? मला दिसेल असं सांगा." काकूंनी पर्सची चेन लावली आणि या वेळी उघडली नाही. म्हणाल्या, "मला दार लावून झोपायचंय. एक रात्र."

हे ध्येय कुठल्याही पुस्तकात बसणार नाही, आणि यापेक्षा चांगलं मला सुचलं नसतं. कागदावर त्यांच्याच शब्दांत लिहायचं. 'झोपेची गुणवत्ता सुधारणे' असं लिहिलंत की ते तुमचं झालं.

७. "मॅडम, तुम्हीच सांगा"

हे येणारच. आपल्याकडे मोठ्या माणसाने, गुरूने, डॉक्टरांनी सांगायचं असतं. तिथे 'उत्तर तुमच्यातच आहे' असं गूढ हसून म्हणणं मला उर्मटपणा वाटतो.

१९६५ ची एक शैक्षणिक चित्रफीत आहे. घटस्फोट झालेली एक तरुण आई तीन वेगवेगळ्या मानसोपचारकांशी बोलते, त्यातले पहिले रॉजर्स. मुलीशी खरं बोलावं की नाही, हे ती त्यांना पुन्हा पुन्हा विचारते. ते उत्तर देत नाहीत, पण टाळतही नाहीत. उत्तर न मिळण्यातली तिची तगमग ते तिच्याबरोबर सोसतात. विद्यार्थ्यांना मी आवाज बंद करून ती बघायला सांगते. ते किती पुढे झुकून बसलेत तेवढंच बघा. त्याच चित्रफितीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसही आहेत, आणि ते बोलता बोलता थेट विचारांची तपासणी सुरू करतात. महाराष्ट्रात एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे त्रास देणारे आग्रही विचार तपासून बदलायची, मानसोपचारक कि. मो. फडके यांच्यामुळे घरोघर पोचली. आपल्यातले बरेच जण तीच आधी शिकतो, मीही. ती उपयोगाची आहे. पण पहिल्या भेटीत काकूंना 'सुनेने सगळं केलंच पाहिजे हा तुमचा अविवेकी आग्रह आहे' असं म्हटलं असतं, तर त्या "हो मॅडम" म्हणाल्या असत्या. तीनदा.

सल्ला मागितला की मी असं करते. आधी विचारते, आत्तापर्यंत कुणी कुणी काय सल्ला दिला? यादी लांब असते. त्यातला कुठला करून बघितला, काय झालं? मग माहिती आणि सल्ला वेगळा करते. माहिती लपवून ठेवायची नसते. रात्रीची आया मिळते, ब्युरो असतात, महिन्याला साधारण किती घेतात हे चौकशी करून कळतं. ही माहिती मी देते. आया ठेवावी का, हे ती ठरवेल. आणि अगदीच मागे लागलं तर खरं सांगते: "मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं मला सुचतंय, पण माझं घर वेगळं आहे, माझ्या घरात सासूबाई नाहीत."

काकूंनी आया ठेवली नाही. बेंगळुरूच्या मुलाला फोन केला. मला हे सुचलंच नव्हतं; मुलाचं नाव घेतलं की त्यांचा चेहरा उजळायचा, म्हणून तो 'अडचणीचा' माणूस मी धरलाच नव्हता. तो एका शनिवारी आला, आजीच्या खोलीत खाली गादी घालून झोपला. पुढच्या भेटीत काकू म्हणाल्या, "दार लावून झोपले. सात वाजता उठले. कुणी मेलं नाही."

८. जिथे वाट बघायची नाही

माणूस नेईल तिकडे जायचं, याला एक अपवाद आहे. जिवाचा प्रश्न आला की सूत्रं आपल्या हातात.

'सुटावंसं वाटतं', 'देवाने उचललं तर बरं', 'माझ्यामागे यांचं काय होईल याचीच काळजी' असं काही कानावर आलं की स्पष्ट विचारायचं: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारल्याने सुटका झाल्यासारखं वाटतं. पुढे विचारा: कसं करायचं ठरवलंय का, कधी, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न झालाय का. गावाकडे फवारणीचं औषध घरातच असतं, शहरात गोळ्यांचा साठा. ते आज, आत्ता, कुणाच्या तरी ताब्यात द्यायला लावायचं. त्या दिवशी माणूस एकटा घरी जाणार नाही. घरच्यांना सांगावं लागेल, ते त्याच्यासमोर, त्याला सांगून. मानसोपचारतज्ज्ञाला तुम्ही स्वतः फोन लावायचा, नंबर देऊन मोकळं व्हायचं नाही. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तातडीला ११२. प्रयत्न करून वाचलेल्यांना आणि घरच्यांना पोलिसांची धास्ती असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं असतं, त्याच्यावर खटला भरायचा नसतो. हे सांगितलं की दवाखान्यात न्यायला उशीर होत नाही.

घरात मारहाण असेल तर नवराबायकोला एकत्र बसवून 'दोघांचं ऐकणं' करू नका. खोलीत जे बोललं जाईल त्याचा हिशेब घरी होतो. तिला वेगळं भेटा, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्या फोनमध्ये दुसऱ्याच नावाने सेव्ह करून द्या.

९. नोंदी आणि सुपरव्हिजन

भेट चालू असताना लिहू नका. संपल्यावर दहा मिनिटांत पाच ओळी: तिचं एक वाक्य जसंच्या तसं, शरीराबद्दल काही नवीन, धोका आहे की नाही, पुढच्या वेळचं ठरलेलं, आणि माझं काय झालं. शेवटची ओळ सगळे गाळतात. काकूंच्या तिसऱ्या भेटीत मी लिहिलंय: 'घाई झाली. आईची आठवण.' माझी आई त्याच वर्षी अंथरुणाला होती. माझ्या सुपरव्हायझरनी, म्हणजे माझं काम बघणाऱ्या ज्येष्ठ समुपदेशकांनी, ती ओळ बघितली आणि दुसऱ्या कशावरच बोलल्या नाहीत. महिन्यातून एकदा तरी आपल्याहून अनुभवी माणसासमोर बसा. पैसे देऊन बसा. रॉजर्सनी १९४० च्या सुमारास भेटी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून विद्यार्थ्यांबरोबर ऐकायला सुरुवात केली होती. परवानगी लेखी घेऊन तुम्हीही करा. आपण किती बोलतो हे ऐकून पहिल्यांदा लाज वाटते. मला वाटली होती.

प्रत्येक भेटीच्या शेवटच्या पाच मिनिटांत विचारा, "आज काय बोलायचं राहिलं? माझं काही खटकलं का?" पहिल्या दोन भेटींत "नाही हो मॅडम, छान" येईल. तिसऱ्या वेळी एखादी गोष्ट निघते. काकू म्हणाल्या, "तुम्ही मागच्या वेळी घड्याळ बघितलंत." घड्याळ त्यांच्या डोक्यामागे होतं, तरीही. माफी मागितली.

१०. निरोप

शेवट दोन भेटी आधी ठरवा, तारीख सांगून. अचानक 'आता गरज नाही' म्हटलं की हाकलल्यासारखं वाटतं. शेवटच्या भेटीत मी पहिल्या दिवशीचा कागद काढते आणि त्यांच्याच शब्दांतलं ध्येय वाचून दाखवते. काय जमलं, काय तसंच आहे ते त्यांनी सांगायचं. काकूंच्या सासूबाई अजून आतल्या खोलीत होत्या. हॉलमधला दिवाण मात्र काकांकडे गेला होता, उजेड चालत नसलेल्या काकांकडे. आठवड्यातून तीन रात्री.

मिठाई आणली तर घ्या, एक तुकडा त्यांच्यासमोर खा. साडी, पाकीट, सोन्याचं काही आलं तर हात जोडून परत. फाइल कपाटात कुलपात ठेवा. आणि परत यावंसं वाटलं तर कुठल्या नंबरवर, कुठल्या वेळेत फोन करायचा ते कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. काकूंनी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.